पहाटेच्या थंडीसाठी घरचं हॉट चॉकलेट: आधी कोको शिजवा, मग दूध घाला

आमच्याकडे निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीतली थंडी खरी झोंबते ती पहाटे तीन ते साडेसहाच्या मधे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर उतरला ते दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, पण बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांना ते रात्रीच कळलेलं असतं. द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलेलं असताना अशी थंडी पडली की मण्यांना तडे जातात. म्हणून घरातली माणसं रात्री उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. हे सगळं आटोपून माझे यजमान आणि धाकटे दीर पाच-सव्वापाचला ओसरीवर येऊन बसतात तेव्हा त्यांच्या मफलरींना धुराचा वास असतो आणि बोटं इतकी आखडलेली असतात की कपाचा कान धरवत नाही.

चहा तर होतोच. पण गेले आठ हिवाळे त्या वेळेला मी हॉट चॉकलेट करते, आणि ते कानवाल्या कपात न देता जाड बुडाच्या स्टीलच्या पेल्यात, फडक्यात गुंडाळून देते, म्हणजे दोन्ही हातांनी धरता येतं. चहा दोन मिनिटांत संपतो. हे सावकाश प्यायलं जातं, पोटात बसतं, आणि पहाटेच्या त्या वेळी पोटाला काहीतरी लागतंच.

सुरुवात मुलाच्या बारावीच्या वर्षी झाली. रात्री अभ्यासाला बसायचा म्हणून कोकोचा डबा आणला, दूध उकळलं, त्यात दोन चमचे टाकले आणि ढवळलं. वर कोरड्या पिठाचे गोळे तरंगायला लागले. चमच्याने दाबले की फुटून आतून कोरडी भुकटी बाहेर. तळाशी गाळ, आणि चव कच्ची, मातकट. साखर वाढवली तरी ती कच्ची चव जाईना. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एकदा पिठलं करताना बेसन पाण्यात कालवत होते आणि हात तिथेच थांबला. कोरडं पीठ गरम पातळ पदार्थात टाकलं तर गुठळ्या होणारच, हे मला वीस वर्षं माहीत होतं. कोकोही पीठच आहे.

ही एक गोष्ट समजली की बाकीचं सोपं आहे, म्हणून ती जरा नीट सांगते.

कोको दुधात विरघळत नाही. साखर विरघळते, मीठ विरघळतं, कोको नाही. कोकोची बी आंबवून, वाळवून, भाजून दळतात आणि दाबून तिच्यातलं बरंचसं लोणी काढून घेतात. मागे जी पेंड राहते तिची भुकटी म्हणजे आपल्या डब्यातला कोको. तेलघाणीवरची पेंड डोळ्यासमोर आणा. त्या भुकटीत थोडं लोणी उरलेलं असतंच, ते पाण्याला लांब ठेवतं, म्हणून कोरडा कोको ओला व्हायलाच तयार नसतो. शिवाय त्यात पिष्टही असतं, आणि ते पाण्यात शिजल्याशिवाय पेयाला अंग येत नाही. तेव्हा आधी अगदी थोड्या गरम पाण्यात कोको घोटून त्याची पेस्ट करायची, ती मिनिट-दीड मिनिट शिजवायची, आणि मग दूध घालायचं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, मी हा क्रम सोडत नाही.

दोन मोठ्या पेल्यांसाठी माझं माप असं: दूध ४०० मिली, पाणी ८० मिली, कोको १५ मिलीच्या मोठ्या चमच्याने २ सपाट चमचे म्हणजे साधारण १२ ग्रॅम, साखर त्याच चमच्याने २ चमचे म्हणजे २५ ग्रॅम, डार्क चॉकलेट ४० ग्रॅम, आणि मीठ दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढंच. डार्क चॉकलेट घरात नसेल तर कोको ३ चमचे घ्या आणि शेवटी चमचाभर ताजी साय फेटून घाला. तेही छान होतं, फक्त जिभेवर रेंगाळत नाही.

सामान घेताना

कोकोचे दोन प्रकार मिळतात आणि दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात नुसतं कोको पावडर एवढंच असतं. एक नैसर्गिक, फिकट तपकिरी, चवीला आंबूस. दुसरा अल्कलीत प्रक्रिया केलेला, गडद, चवीला मऊ. त्याला डच प्रोसेस म्हणतात, कारण ही रीत नेदरलंड्सची. कोकोतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट तिथल्याच व्हॅन हाउटेन घराण्याने १८२८ साली घेतलं, आणि भुकटीला क्षार लावायची कल्पनाही त्याच घरातली. डब्याच्या मागे घटकांत ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर’ आणि पुढे ५०० किंवा ५०१ असा आकडा दिसला तर तो डच प्रकार समजा. दुधासाठी मी तोच घेते. नैसर्गिक कोको वाईट नाही, पण त्याच्या आंबटपणामुळे सकाळचं उरलेलं, जरा उतरलेलं दूध फाटू शकतं. ताज्या दुधात काही होत नाही.

मात्र ड्रिंकिंग चॉकलेट आणि कोको पावडर एक समजू नका. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यात बहुधा साखरच जास्त असते. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तेव्हा पहिलं नाव साखरेचं असेल तर तुम्ही मुख्यतः साखर विकत घेताय.

चॉकलेटच्या बाबतीत मी एकदा फसले. नाशिकला एका बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मोठी डार्क स्लॅब स्वस्तात मिळाली म्हणून दोन किलो घेऊन आले. दुधात वितळली खरी, पण पाच मिनिटांत पेल्यावर तेलाचे बारीक डोळे तरंगायला लागले आणि टाळूला मेणचट थर बसला. सासूबाईंनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. स्लॅबचं वेष्टण वाचलं तेव्हा कळलं की ते कंपाउंड होतं, म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती चरबी घातलेलं. केकवर साचे काढायला ते चालतं. प्यायला नाही. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, आपल्या तोंडाच्या उबेपेक्षा थोडं खालीच, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर नाहीसं होतं. तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा. कोको मास किंवा कोको सॉलिड्स आणि कोको बटर ही नावं दिसली पाहिजेत. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट वरच्या दोन-तीन नावांत असेल तर ठेवून द्या. कोकोचं प्रमाण ५० ते ६० टक्के असलेलं चॉकलेट दुधाला सगळ्यात बरं. ७०च्या वरचं घेतलंत तर साखर एखादा चमचा वाढवावी लागते.

आणि हो, हे सगळं लांबच्या देशातलं सामान आहे असं समजायचं कारण नाही. केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांमध्ये सावलीला कोकोची झाडं असतात. कर्नाटकात पुत्तूरला कॅम्पको या सुपारी आणि कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे. बागाईतदाराच्या घरात राहणाऱ्या मला या गोष्टीचं फार वाटतं. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या मालाचा पक्का पदार्थ करणं किती अवघड असतं ते आम्ही द्राक्षवाले जाणून आहोत.

दूध. आमच्या घरी म्हैस आहे, आणि निव्वळ म्हशीच्या दुधात हे पेय जड होतं. जास्त स्निग्धांश जिभेवर थर धरतो आणि कोकोची चव त्याखाली दबते. म्हणून मी ३०० मिली म्हशीच्या दुधात १०० मिली पाणी घालते. पिशवीचं दूध घेत असाल तर ३ टक्के स्निग्धांशाचं टोण्ड अगदी योग्य. ६ टक्क्यांचं फुल क्रीम घेतलं तर पाऊण दूध, पाव पाणी. गाईच्या दुधात काही मिसळायची गरज नाही.

कृती

चॉकलेट आधीच सुरीने बारीक चिरून ठेवा, साधारण शेंगदाण्याच्या कुटाएवढं. आयत्या वेळी तुकडे तोडत बसलात तर दूध तिकडे उतू जातं.

जाड बुडाचं पातेलं घ्या. त्यात कोको, साखर आणि मीठ कोरडंच एकत्र करा. साखरेचे दाणे कोकोच्या कणांमध्ये शिरतात आणि निम्म्या गुठळ्या तिथेच मोडतात. आता ८० मिलीतलं निम्मंच पाणी, कढत, घाला आणि लाकडी चमच्याने पातेल्याच्या कडेला दाबून घोटा. सगळं पाणी एकदम ओतायचं नाही. घट्ट असतानाच गुठळी दाबली जाते, पातळ झालं की ती चमच्यापासून पळते. डोशाच्या पिठाची गोळी मोडताना जसं वाटतं तसंच. मिश्रण गुळगुळीत झालं, चमच्यावरून पट्टीसारखं सुटायला लागलं की उरलेलं पाणी घाला आणि पातेलं मंद आचेवर ठेवा.

आता इथे थांबा. या दीड मिनिटात मी फोन घेत नाही. आधी कडेला बारीक बुडबुडे येतात. मग मधे येतात, पण पाण्यासारखे भराभर न फुटता, चिखलातल्यासारखे सावकाश, फुटताना बारीक आवाज करत. रंग फिकट तपकिरीवरून जांभळट काळ्याकडे जातो. वर तकाकी येते. आणि वास बदलतो. सुरुवातीला ओल्या पुठ्ठ्यासारखा, धुरकट वास असतो, तो मावळतो आणि भाजलेल्या बीचा, जरासा फळासारखा वास वर येतो. हा बदल एकदा नाकाने ओळखलात की पुढे घड्याळाची गरज पडत नाही. चमचा तळापासून फिरवत राहा, कारण साखर आहे, ती धरते.

वास बदलला की दूध घाला, तेही आधी पळीभर. ते पूर्ण मिसळलं की बाकीचं. दूध थंड असलं तरी चालतं. आच मध्यम. अधूनमधून तळ खरवडत ढवळा. दूध उकळू द्यायचं नाही. कडेला मोत्यांसारखे बुडबुडे धरले, वाफ सरळ वर यायला लागली की पुरे. माझी पद्धत अशी, चमचा बुडवून काढायचा आणि त्याची मागची बाजू मनगटाच्या आतल्या अंगाला टेकवायची. पटकन हात मागे घ्यावासा वाटला की गॅस बंद. खळखळा उकळलेल्या दुधाला शिजलेला वास येतो आणि चॉकलेटचा सुगंध त्यात हरवतो.

गॅस बंद केल्यावर चिरलेलं चॉकलेट घाला आणि एक मिनिट अजिबात ढवळू नका. त्याला आपोआप मऊ होऊ द्या. मग मधून बाहेर अशा गोल फेऱ्यांनी मिसळा. आचेवर असतानाच चॉकलेट टाकलं तर ते तळाशी बसून करपतं, आणि करपलेल्या चॉकलेटचा कडवटपणा कशानेही जात नाही.

आता रवी. ताक घुसळायची लाकडी रवी ज्यांच्या घरात आहे त्यांना दुसरं कुठलंही यंत्र नको. पातेलं तिरकं धरून, रवी दोन्ही तळव्यांत घेऊन अर्धा मिनिट घुसळा. आधी मोठे फुगे येतात, ते फुटून बारीक होतात, आणि मग वर फिकट तपकिरी, मखमली फेस धरतो. तो फेस दिसायला छान असतोच, पण त्याचं आणखी एक काम आहे. फेसाखाली दुधावर साय लवकर धरत नाही. ओठांना चिकटणारी ती पातळ पापडी कुणालाच आवडत नाही. मात्र रोजच्या ताकाची रवी वापरू नका. लाकडात आंबटपणा मुरलेला असतो, दूध नासू शकतं. मी आठवडी बाजारातून एक लहान रवी वेगळी घेतली आहे आणि तिच्या दांड्याला लाल दोरा बांधून ठेवला आहे, म्हणजे घाईत चुकत नाही.

या रवीवरून मला फार आनंद झालेली एक गोष्ट. मेक्सिकोत हॉट चॉकलेट घुसळायला जी लाकडी रवी वापरतात तिला मोलिनियो म्हणतात. तिला खाली नक्षीदार गोंडा, मधे सैल कड्या, आणि वापरायची पद्धत तीच, दोन तळव्यांत धरून फिरवायची. स्पॅनिश लोक तिकडे गेल्यानंतर ती रूढ झाली. त्याच्याही आधी तिथले लोक फेस आणायला पेय एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात माया लोकांचं एक मातीचं पात्र आहे, बाराशे वर्षांहून जुनं. त्यावर एक बाई उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धार सोडताना रंगवली आहे. मुलाने मला त्याचा फोटो दाखवला. ती बाई पाहिल्यावर मला आमची आजी चहा गार करताना दिसली, तसाच वर गेलेला हात, तशीच धारेवर लागलेली नजर. रवी नसेल तर तुम्हीही तसंच करा. दोन पातेल्यांत, हातभर उंचीवरून, पाच-सहा वेळा. फक्त मोरीजवळ करा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

घट्ट हवं असेल तर

स्पेन आणि इटलीत हे इतकं घट्ट करतात की चमच्याने खावं लागतं. त्यासाठी वरच्या मापाला २ लहान चमचे कॉर्नफ्लॉवर चार चमचे थंड दुधात कालवून, चॉकलेट घालण्याच्या आधी पातेल्यात सोडायचं आणि सतत ढवळत दोन मिनिटं हलकं शिजवायचं. या एका प्रकारात दुधाला उकळी यावी लागते, नाहीतर पिठूळ चव राहते.

आमच्या घरी मात्र कॉर्नफ्लॉवरऐवजी नाचणीचं सत्त्व जातं. ही सासूबाईंची सुचवणी. त्या म्हणाल्या, “नातवंडांना सत्त्वाची खीर चालते, मग ह्यात का चालू नये?” सत्त्व नसेल तर नाचणीचं पीठ दोनदा कपड्याने चाळून घ्या. मोठा एक चमचा थंड दुधात कालवायचं, मंद आचेवर पीठ असेल तर पाच मिनिटं आणि सत्त्व असेल तर तीन मिनिटं शिजवायचं. नाचणीची भाजकी, मातीसारखी चव कोकोच्या चवीला इतकी जवळची आहे की वेगळं काही घातलंय हे सांगितल्याशिवाय कळत नाही. रात्रभर बागेत जाणाऱ्या माणसासाठी मी हेच करते. पोटाला खरा आधार होतो.

गूळ, जायफळ आणि बाकीचं

साखरेऐवजी गूळ घातला तर कोकोला फार खुलवतो. पण गुळाच्या चहाला जो नियम तोच इथे. गूळ दुधात उकळला की दूध फाटायची भीती. म्हणून पेस्ट साखरेशिवाय, नुसत्या पाण्यात शिजवा, दूध तापवा, चॉकलेट विरघळवा, गॅस बंद करून दोन मिनिटं जाऊ द्या, आणि मग ३० ग्रॅम किसलेला गूळ घाला. कोरडी साखर नसल्यामुळे पेस्ट घोटायला जास्त वेळ लागतो, तेवढा द्या.

मसाल्यांत माझी पहिली पसंती जायफळाला. लग्नघरातली जायफळाची कॉफी ज्यांनी प्यायली आहे त्यांना सांगायला नको. दोन पेल्यांना सहाणेवर चार वेढे, किंवा किसणीवर दोन-तीन घासे, तेही अगदी शेवटी. जास्त झालं तर औषधासारखं लागतं. दालचिनीचा बोटभर तुकडा दूध तापताना टाकून नंतर काढून घ्या. मेक्सिकोत दालचिनी असतेच, आणि काही ठिकाणी तिखटही घालतात. मी ते करून बघितलं. एक सुकी ब्याडगी मिरची बिया काढून दुधात पाच मिनिटं ठेवली आणि काढली. घोट गिळल्यावर घशात हलकी ऊब राहते. दिरांना आता त्याशिवाय चालत नाही.

आल्याचं जपून. कच्च्या आल्याच्या रसात दूध फाडणारा पाचक घटक असतो. आलं हवं असेल तर ते सुरुवातीच्या पाण्यातच चांगलं उकळून घ्या आणि पाणी गाळून वापरा, किंवा सरळ सुंठ घाला. वेलदोडा मी घालत नाही. चहात, खिरीत, श्रीखंडात तो हवाच, पण कोकोचा नाजूक वास त्याच्यापुढे टिकत नाही. मीठ मात्र कधीच वगळू नका. खारट लागण्याइतकं ते नसतंच, ते फक्त कडवटपणाची धार काढतं आणि त्यामुळे साखर कमी लागते.

पुण्याला पाठवायचा डबा

मुलगा आता पुण्याला होस्टेलवर आहे. खोलीत गॅस नाही, फक्त पाणी तापवायची किटली. पहिल्या थंडीत फोन आला, “आई, इथे नुसत्या गुठळ्या होतात गं.” मग त्याच्यासाठी कोरडं मिश्रण बसवलं. १०० ग्रॅम डच कोको, १२० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम दूध पावडर, पाव लहान चमचा मीठ, हे सगळं एकत्र दोनदा चाळायचं. त्यात ५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक किसून मिसळायचं. किसताना चॉकलेट आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर हाताच्या उबेने किसणीलाच लागतं. कोरड्या बरणीत, ओला चमचा न घालता, हे थंडीचे दोन महिने छान टिकतं.

एका मगला ४ सपाट मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास. मगमध्ये आधी मिश्रण, त्यावर दोन-तीन चमचे गरम पाणी, घोटून पेस्ट, मग उकळतं पाणी १८० मिली. क्रम तोच. इथे पेस्ट शिजवता येत नाही, म्हणून पाणी खरोखर उकळतं हवं आणि ओतल्यावर मगवर दोन मिनिटं ताटली झाकायची. किटलीत दूध घालू नकोस एवढं मी त्याला बजावून सांगितलं आहे. दूध तळाशी लागतं, उतू जातं, आणि विजेची वस्तू आहे.

बागेतल्या सगळ्यांसाठी

जानेवारीत विरळणीला, बांधणीला बायका येतात त्या वेळी मी दहा-बारा जणींपुरतं करते. २ लिटर दूध, ६० ग्रॅम कोको, १३० ग्रॅम साखर, ४०० मिली पाणी, १५० ग्रॅम चॉकलेट, पाऊण लहान चमचा मीठ. मोठ्या मापात दोन गोष्टी बदलतात. पेस्ट मोठ्या पातेल्यात न करता लहान कढईत करा, कारण मोठ्या बुडावर ती पसरते आणि शिजण्याआधीच वाळते. दूध वेगळ्या पातेल्यात तापवा, आणि त्या पातेल्यात दूध ओतण्याआधी ते पाण्याने विसळून तसंच ओलं ठेवा, खाली कमी लागतं. मग तापलेल्या दुधात शिजलेली पेस्ट गाळणीतून सोडा.

थर्मासमध्ये नेणार असाल तर आधी त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेवा, ते ओतून टाका आणि मग भरा. घट्ट प्रकार थर्मासमध्ये भरू नका, तो आतच थिजतो आणि धुताना जीव जातो. भरलेलं दूध दोन तासांत संपवा. कोमट राहिलेलं दूध दुपारपर्यंत ठेवून पुन्हा देऊ नका.

बागेत आमचा कुत्रा असतो, रात्रभर माणसांच्या पायात. पहिल्या वर्षी एकाने प्रेमाने आपला पेला त्याच्यापुढे चाटायला ठेवला. मी धावत जाऊन उचलला. कोकोत थिओब्रोमीन नावाचं द्रव्य असतं, ते माणसाला सोसतं पण कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं आणि त्याला विषासारखं भिनतं. डार्क चॉकलेट आणि कोको पावडर यांत ते सगळ्यात जास्त. तेव्हा पातेलं घासायला टाकण्याआधी त्यात पाणी भरून ठेवा, आणि पेले ओसरीवर तसेच सोडू नका. कुत्र्याने खाल्लंच तर वाट न बघता गुरांच्या डॉक्टरला फोन करा.

उरलं तर गार होऊ द्या, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. कोको तळाशी बसलेला असेल आणि वर चॉकलेटचा थर धरला असेल, ते खराब झालेलं नसतं. मंद आचेवर ठेवा, दोन चमचे दूध घाला, आणि लाल दोऱ्याची रवी पुन्हा एकदा फिरवा.